डी-३: आठवड्याचं पाकीट की रोजची गोळी?

नेरूळमध्ये कुठल्याही मेडिकलमध्ये डी-३, म्हणजे ड जीवनसत्त्व मागा, समोर आधी ६०,००० युनिटचं पावडरचं पाकीटच येतं. माझीही सुरुवात त्यानेच झाली. रक्तातल्या ड जीवनसत्त्वाचा रिपोर्ट ११ आला होता. पाम बीच रोडवर रोज सहाला चालतो तरी इतका कमी कसा, असं वाटलं. पण त्या वेळच्या कोवळ्या उन्हाने हे जीवनसत्त्व फारसं बनत नाही, आणि कामाचं ऊन डोक्यावर येतं तेव्हा आपण महापेच्या ऑफिसात काचेआड.

पाकिटाचं काम चोख आहे. डी-३ चरबीत साठतं आणि यकृतात तयार होणारं त्याचं रूप रक्तात निम्म्यावर यायलाच दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा घेतलेलं पुरतं. आठ रविवारांत माझा आकडा ३४ वर गेला, पिंडऱ्यांची ठसठसही थांबली. रिपोर्ट फारच खाली असेल तर पाकिटांचा कोर्सच आधी करावा, असं मला वाटतं; रोजच्या १,००० युनिटच्या गोळीने तिथून वर यायला फार वेळ लागेल.

प्रश्न आला त्यानंतर, आकडा टिकवण्याचा. डॉक्टर म्हणाले, महिन्याला एक पाकीट किंवा रोज १,००० ची गोळी, दोन्ही चालेल. मी पाकीटच धरलं, आणि तिथेच अडलो. पहिला रविवार ठरवलेला, पण रविवारी घरात पाहुणे, बाजार, सगळंच. सोमवारी आठवायचं: काल घेतलं का? फोडलेलं पाकीट कचऱ्यात गेलेलं, खूण काहीच नाही. एकदा सकाळी बायकोने दुधातून दिलं होतं आणि रात्री मी पुन्हा घेतलं. एका दिवसात १,२०,०००. झालं काही नाही, पण मला ते मुळीच आवडलं नाही. जास्तीचं डी-३ लघवीवाटे सहज निघून जात नाही. वारंवार असं झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि त्रास मूत्रपिंडाला होतो.

म्हणून मी रोजच्या गोळीवर आलो. गोळीच्या पट्टीवर रिकामं झालेलं घर दिसतं. एखादा दिवस चुकला तर चुकला. खर्च थोडा जास्त बसतो, हे खरं. जेवणात तेल-तूप असलं की ती चांगली शोषली जाते, म्हणून मी दुपारच्या डब्यासोबत घेतो.

मुतखडा होऊन गेला असेल तर दोन्हींपैकी काहीही डॉक्टरांना विचारूनच. आईच्या डॉक्टरांना विचारून तिचंही पाकीट मी बंद केलं. ती आता बीपीच्या गोळीशेजारीच ही पट्टी ठेवते.