चार्जिंगची वाफेची मशीन घेऊन फसलो, तुम्ही घेऊ नका

आमचं गाव यावल तालुक्यात, केळीचा पट्टा. थंडीत मायचं नाक रात्री पूर्ण बंद होतं, डॉक्टर म्हणाले झोपताना वाफ देत जा, पण नेमकी त्याच टायमाला लाईट जाते. म्हणून मी मोबाईलवर जाहिरात पाहून चार्जिंगवर चालणारं वेपोरायझर मागवलं, १२९९ रुपये आधीच पाठवले. जाहिरातीत लिहिलं होतं ९८०० एमएएच बॅटरी, एका चार्जमध्ये २० वेळा वाफ, ऑटो कट. फोनवर विचारलं तर समोरचा म्हणे, "भाऊ, बिनधास्त घ्या, दोन वर्षं बघायचं काम नाही."

पहिल्याच रात्री माय टॉवेल बाजूला करून म्हणे, "अरे, हाई ते थंडं पडी गयं." मला वाटलं मीच चार्जिंग नीट केलं नसेल. दुसऱ्या दिवशी फुल चार्ज केली, ५० मिली पाणी टाकलं, दही लावायचं थर्मामीटर त्यात सोडलं आणि मोबाईलचं घड्याळ लावून बसलो. १० मिनिटांत पाणी ४८ डिग्रीवर गेलं आणि तिथंच थांबलं, म्हणजे आंघोळीच्या कडक पाण्याइतकं, त्याची वाफ काय होणार. तिसऱ्या वेळी तर लाल दिवा लागून मशीन बंदच.

मग हीटरचा दिवा पाहत बसलो. ४० सेकंद चालू, २० सेकंद बंद, परत ४० चालू. खरा ऑटो कट असेल तर पाणी तापल्यावर हीटर बंद होतो, निवलं की परत सुरू होतो, वेळ कमीजास्त होते. इथं माठातलं गार पाणी टाकलं तरी ४० आणि २०, गरम टाकलं तरी तेच, आणि पाणी न टाकता थोडा वेळ चालवली तरी तेच! म्हणजे आत पाण्याचं टेंपरेचर बघणारं काहीच नाही, नुसता टायमर आहे, आणि म्हातारं माणूस पाणी टाकायचं विसरलं तर मशीन कोरडीच तापत राहणार. पैशापेक्षा मला याचाच जास्त राग आला.

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये एका ओळखीच्या मोबाईल रिपेअरवाल्याकडे नेली. त्याने यूएसबी मीटर लावून रिकामी बॅटरी फुल केली, मीटरवर आले १२४० एमएएच. खोललं तर आत १८६५० साईजचा एकच गोल सेल, त्यावर ९८०० छापलेलं. या साईजचा चांगल्यातला चांगला सेलही साधारण ३५०० च्या आसपास असतो, ९८०० होतच नाही. शेजारच्या सराफाच्या काट्यावर ठेवला तर २७ ग्रॅम, चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. असा सेल फोडून पाहू नका, आग लागते. त्यावर बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) आर नंबरही नव्हता, लिथियम सेलवर तो लागतो आणि बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासता येतो.

हिशोब मी नंतर केला, आधी करायला पाहिजे होता. ५० मिली पाणी २५ डिग्रीवरून नुसतं उकळीला न्यायला ४.४ वॉट-अवर (विजेचं माप) लागतात, वाफ व्हायला त्याच्या वर वेगळे. १२४० एमएएचचा सेल ३.७ व्होल्टने गुणला तर जेमतेम ४.६ वॉट-अवर, सगळी बॅटरी एका उकळीत संपली आणि वाफ निघालीच नाही. ९८०० खरं धरलं तरी ३६ वॉट-अवर, त्यात ८ वेळा पाणी उकळेल, २० वेळा वाफ कुठून देणार? त्यांच्याच आकड्यात त्यांचं खोटं पकडता येत होतं.

पैसे परत मागितले तर आधी "कंपनीला विचारतो", मग फोन उचलणं बंद, मग नंबर ब्लॉक. १९१५ नंबरच्या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकली आहे, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पेमेंटची पावती, थर्मामीटर आणि मीटरचे व्हिडिओ सगळं जोडलं. तिथं नाही झालं तर जळगावच्या ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही. तुमच्याकडे अशी मशीन आली असेल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, माझ्याकडे तेवढाच नाही.

मायला सध्या गॅसवर पातेलं ठेवून वाफ देतोय, मी शेजारी बसून पातेलं धरतो.