सशासाठी शिंदीची चटई: पाचपैकी चार

शिंदीची चटई, बिनरंगाची, तीन बाय सहा फूट. पुण्यात बुरूड आळीतून घेतली. बसायला नव्हे, सशाला कुरतडायला.

नात नोकरीसाठी बेंगळुरूला गेली आणि तिची चिंगी आमच्याकडे मुक्कामाला आली. आल्या आल्या तिने पडद्यांच्या कडा, सोफ्याची झालर आणि हिच्या गोधडीचा कोपरा निकालात काढला. शिंप्याने कात्री चालवावी तशी सुबक अर्धवर्तुळं! आधी ऑनलाइन एक कडू फवारा मागवला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाही; कडू पाला सशांना तसा वर्ज्य नसतोच. चिंगीने पडदा चाटून पाहिला, मिशा हलवल्या आणि काम पुढे चालू ठेवलं. फवाऱ्याचा त्रास झाला तो आम्हा दोघांच्या नाकांना.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी पडद्याची चौकशीच केली नाही. सुकं गवत किती देता, हे विचारलं. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, आणि ते झिजायला दिवसभर चघळायचं गवत लागतं. पुढचा प्रश्न: कापड नुसतं फाडते की गिळते? तुकडे जमिनीवर सापडले तर खोडी म्हणायची. सापडत नसतील तर मात्र काळजी, कारण सशाला उलटी होत नाही आणि टेरिकॉटचे दोरे आतड्यात अडकू शकतात. खाणं किंवा लेंड्या अर्धा दिवस बंद दिसल्या तर थेट दवाखाना गाठायचा, घरगुती उपाय करत बसायचं नाही. नसबंदी न झालेली मादी खोट्या गर्भारपणात घरट्यासाठीही कापड ओढते. चिंगीची झालेली आहे, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

आता चटई. तिचे दीड-दीड फुटांचे तुकडे केले. एक पडद्याखाली अंथरला, एक सोफ्याच्या कोपऱ्यात. म्हणजे जिथे हल्ला, तिथेच. तिसऱ्याची गुंडाळी करून आत टिमोथी नावाचं सुकं गवत कोंबलं. (लसूणघास स्वस्त पडतो, पण त्यात कॅल्शियम फार, मोठ्या सशाला रोज नको.) गुंडाळी तिला सर्वांत आवडली: ओढा, फाडा, आतलं खा. पडदे आता वाचतात, सोफाही बहुतेक वाचतो. गोधडी कपाटात गेली. तिच्या बाबतीत चटईवर विश्वास टाकायची हिची तयारी नाही.

एक तारा कापला, त्याची कारणं. कडेला नायलॉनचा दोरा शिवलेला होता. तो उसवून काढल्याशिवाय चटई सशापुढे टाकू नका. घरभर कचरा होतो, रोज झाडू. चटईवर लघवी झाली की ती धुऊन उपयोग नाही, तुकडा फेकायचा. आणि पहाटे ससे विशेष उत्साहात असतात, त्यामुळे कुरकुर ऐकत झोपायची सवय लावून घ्यावी लागते.

दुकानात हिरव्या-गुलाबी पट्ट्यांच्या चटया पुढे मांडलेल्या असतात. मागून साधी काढायला सांगा. दुकानदार "साधी कशाला, रंगीत शोभून दिसते" म्हणेल. ससा आहे म्हणून सांगितलं की मग घासाघीस न करता कापूनही देतो.