हिंगणा मार्गावरचे गॅरेज आणि सतरा वर्षांच्या गाडीचे मिसिंग

माझ्याकडे २००८ सालची, जर्मन बनावटीची सेदान आहे. तीन लिटरचे व्ही-सिक्स पेट्रोल इंजिन, एमएच ३१ पासिंग, एक लाख चौतीस हजार किलोमीटर चाललेली. पंधरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा गाडी काढून टाका, असे घरच्यांसह अनेकांनी सुचवले होते. तरीही मी आरटीओत जाऊन नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले, कारण ती माझ्या काकांनी फार हौसेने घेतली होती आणि तिच्याइतकी शांत, रस्त्याला धरून चालणारी गाडी मी अजून चालवलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये ही गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधले पेट्रोल मधूनच न पेटता इंजिन अडखळू लागले, आणि पाच महिन्यांनी, मे संपता संपता, नागपुरातल्या हिंगणा मार्गावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ते मिसिंग थांबले. त्या गॅरेजच्या कामाबद्दल हे लिहीत आहे.

सकाळी पहिल्यांदा सुरू केली की मिनिटभर इंजिन थरथरायचे आणि मग सावरायचे. दुपारी मात्र, गाडी चांगली तापल्यावर, पेट्रोल भरायला दहा मिनिटे थांबून पुन्हा निघालो की पिकअप जायचा. छत्रपती चौकात सिग्नलला उभे असताना स्टीअरिंगवर ठेवलेला हात हलायचा, आणि वर्धा मार्गाच्या उड्डाणपुलावर एकदा इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागला नाही, तर लुकलुकू लागला. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा. स्थिर दिव्यावर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकणारा दिवा मात्र असे सांगतो की न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत आहे, आणि त्या उष्णतेने कन्व्हर्टर आतून वितळू शकतो. तेव्हा ॲक्सिलरेटर सोडून गाडी बाजूला घेणे एवढेच करावे.

पहिल्या दोन ठिकाणी जे झाले त्यावर फार शब्द खर्च करत नाही. एकीकडे सहाही प्लग आणि त्यांना ठिणगीसाठी वीज देणाऱ्या सहाही इग्निशन कॉइल बदलल्या गेल्या. दुसरीकडे इंजेक्टर काढून साफ झाले, वायरिंग मल्टिमीटरने तपासून "बरोबर आहे" असा निर्वाळा मिळाला, आणि तरीही मिसिंग जाईना तेव्हा "इंजिन खोलावं लागेल" असे सांगून एक लाख ऐंशी हजारांचा अंदाज हातात ठेवला गेला. तोवर माझे बासष्ट हजार रुपये खर्च झाले होते. दोन्हीकडची माणसे मेहनती होती आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण दोन्हीकडे पहिले काम एकच झाले: स्कॅनर लावला, गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा कोड वाचला आणि लगेच पुसून टाकला.

हिंगणा मार्गावरच्या गॅरेजचे मालक, ज्यांना तिथे सगळेच नुसते "भाऊ" म्हणतात, फोनवर पहिली सूचना नेमकी याचीच देते झाले. "साहेब, आता कोणाला कोड मिटवू देऊ नका. दिवा लागून राहिला तर लागू द्या. आणि आजवरची सगळी बिलं घेऊन या." आठ दिवसांनंतरची तारीख मिळाली. मी गेलो तेव्हा त्यांनी आधी अर्धा तास माझ्याशी बोलण्यात घालवला. थंड असताना काय होते, तापल्यावर काय होते, पाऊस पडला तेव्हा काही फरक पडला का, कोणते काम झाल्यावर त्रास वाढला, हे सगळे त्यांनी एका दुरेघी वहीत लिहून घेतले. त्यानंतर स्कॅनर लावला.

गाडीच्या संगणकात दोन कोड होते. पी०३०० म्हणजे कोणत्याही एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही असे विखुरलेले मिसफायर, म्हणजेच मिसिंग. पी०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचे. प्रत्येक कोडसोबत संगणक त्या क्षणाची नोंदही जपून ठेवतो, ज्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. इंजिनचे फेरे किती होते, भार किती होता, कूलंट किती तापलेले होते, हे सगळे त्यात असते. कोड पुसला की ही नोंदही जाते. भाऊंनी पडदा माझ्याकडे वळवला. पी०३०० च्या नोंदीत कूलंटचे तापमान ३१ अंश होते आणि पी०३०३ च्या नोंदीत ९८. "एक बिमारी थंडी गाडीची आहे, एक गरम गाडीची. दोन आहेत साहेब, एक नाही. म्हणून कोणाला सापडून नाही राहिली." पाच महिन्यांत प्रथमच कुणी माझ्या तक्रारीचे दोन भाग वेगळे करून दाखवले होते.

थंड गाडीच्या दोषाकडे ते फ्युएल ट्रिमच्या वाटेने गेले. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरवरून मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे असे दिसले की संगणक आपण होऊन जास्तीचे पेट्रोल सोडतो, आणि हे जास्तीचे प्रमाण, म्हणजेच फ्युएल ट्रिम, टक्केवारीत वाचता येते. माझ्या गाडीत ते संथ चालीवर २१ टक्के होते, आणि मिनिटाला २५०० फेऱ्यांवर ९ टक्क्यांपर्यंत उतरत होते. संथ चालीवर इंजिन थोडीच हवा ओढत असते, म्हणून चोरवाटेने आत येणारी हवा तिथे मोठी ठरते. फेरे वाढले की एकूण हवेपुढे तिचा वाटा नगण्य होतो. पेट्रोलचा पंप कमजोर असता तर चित्र नेमके उलटे दिसले असते. उरलेल्या ९ टक्क्यांबद्दल मी विचारले, तेव्हा त्यांनी जे सांगितले ते मला फार पटले. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साधारण साडेतेरा पट. २००८ ची ही गाडी शुद्ध पेट्रोलच्या हिशोबाने जुळवलेली आहे, त्यामुळे आजच्या पंपावरचे पेट्रोल भरले की आठ-नऊ टक्के जास्त सोडणे तिला भागच आहे. तो आकडा दोषाचा नाही, इंधनाचा आहे. जुन्या गाडीचे आकडे आज वाचताना हे ध्यानात ठेवणारा माणूस मला तरी दुसरा भेटलेला नाही.

मग इंजिनच्या हवेच्या मार्गात नळीने पांढरा धूर सोडण्यात आला, अगदी हलक्या दाबाने. दोन मिनिटे काहीच दिसले नाही. तिसऱ्या मिनिटाला मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाच्या, खालून, टॉर्चच्या उजेडात, दोऱ्याएवढी धुराची रेघ वर आली. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ हवेच्या मार्गात परत नेणारा, रबरी पाइप वरून धडधाकट होता. खालच्या बाजूने, बोटानेच कळावी अशी, लांबट चीर पडली होती. काढून हातात दिला तेव्हा तो रबरासारखा वाकेना, वाळल्या चिंचेच्या शेंगेसारखा मोडला. यात नवल नाही. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले आहे. अशा उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली सतरा उन्हाळे काढलेल्या रबराकडून आणखी काय अपेक्षा करणार?

पाइप बदलला, ट्रिम ८ टक्क्यांवर आला आणि सकाळची थरथर त्याच दिवशी संपली. भाऊंनी मात्र गाडी परत देताना स्पष्ट सांगितले की काम निम्मेच झाले आहे, आणि दुसरा दोष त्यांना सकाळच्या वेळी दिसणार नाही. "नवतपा लागू द्या. दुपारी दोन वाजता या, एसी लावून, गावातून फिरवून." नवतपा म्हणजे मेच्या अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस.

मी २७ मे रोजी तसाच गेलो. इंजिन तापलेले असतानाच तपासणी सुरू झाली. सिलिंडरनिहाय मिसफायर मोजणाऱ्या तक्त्यात तिसऱ्याचा आकडा चढत होता, बाकी पाचांचे शून्य. अशा इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, दर १२० अंशांना एक सिलिंडर पेटतो, म्हणजे संथ चालीच्या मिनिटाला ७०० फेऱ्यांवर सेकंदाला ३५ ठिणग्या. त्यातली एक चुकली की क्रँक निमिषभर मंदावतो आणि संगणक तेवढ्यावरून सिलिंडर ओळखतो. भाऊंनी तिसऱ्याची कॉइल आणि प्लग पाचव्यात बसवले, पाचव्याचे तिसऱ्यात. दोष तिसऱ्यातच राहिला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतले, सहाही आकडे १७० ते १७८ पीएसआयच्या आत. इंजिन खोलण्याचा प्रश्न तिथेच निकालात निघाला, आणि माझ्या छातीवरचे मोठे ओझे उतरले.

यानंतर त्यांनी जे केले त्यासाठी हे गॅरेज मी कुणालाही सांगेन. विजेचा चढउतार पडद्यावर रेघेने दाखवणारा ऑसिलोस्कोप काढला आणि प्रत्येक कॉइलच्या वायरीभोवती आळीपाळीने विद्युतप्रवाह मोजणारा चिमटा अडकवला. चांगल्या कॉइलचा प्रवाह पडद्यावर तिरक्या चढासारखा सात अँपिअरपर्यंत जाऊन एकदम खाली येत होता. तिसऱ्याचा चढ चारावरच दमत होता. कॉइल आणि अर्थिंगची जोडणी दोन्ही शाबूत असल्याची खात्री आधीच झाली होती, तेव्हा येणाऱ्या १४ व्होल्टपैकी किती कॉइलपर्यंत पोहोचतात ते त्यांनी गाडी चालू असतानाच पाहिले. ठिणगीआधीच्या क्षणी चार व्होल्ट वाटेतच गळत होते. म्हणजे वायरीत साधारण एक ओहमचा वाढीव रोध. गाडी बंद करून मल्टिमीटरने मोजला तर एवढा रोध मीटरच्या स्वतःच्या वायरींमध्ये सहज लपतो, आणि थंड झाल्यावर तो आणखी कमी होतो. आधीच्या गॅरेजने वायर "बरोबर" म्हटली ती या कारणाने.

वायरींचा जुडगा इंजिनच्या मागे, केबिनच्या भिंतीला लागून, एका पट्टीखालून काटकोनात वळतो. तिथे हात जेमतेम शिरतो. भाऊंच्या हाताखालच्या मुलाने लाकडी काडीने तो जुडगा हळूच दाबला आणि पडद्यावरचा चढ एकदम सातावर गेला. सोडला की चारावर. जुडगा सोडवून, वरची कापडी टेप उलगडून, भाऊंनी ती एक वायर ब्लेडने दोन इंच सोलली आणि पांढऱ्या कागदावर ठेवली. बाहेरचे आवरण अखंड होते. आतल्या वीसेक तारांपैकी तीन शिल्लक होत्या, आणि तुटलेल्यांची टोके हिरवी पडली होती. तेवढ्या तीन तारांवर माझी गाडी थंड असताना चालत होती. तापून जुडगा फुगला की त्यांचाही आधार सुटत होता. मी तो कागद बराच वेळ पाहत बसलो.

खराब भाग कापून त्याच जाडीच्या, उष्णता सोसणाऱ्या वायरीचा तुकडा क्रिंप करून जोडला गेला, वर आकसणारी नळी आणि कापडी टेप. पट्टीची जागा थोडी सरकवली, जेणेकरून वळण सैल राहील. संध्याकाळी स्कॅनर लावलेलाच ठेवून आम्ही शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर गेलो आणि चाळीसेक किलोमीटर फिरून आलो. सहाही आकडे शून्य राहिले. बिलात तपासणीचे साडेचार तास, ताशी हजार रुपयांप्रमाणे ४,५०० रुपये, ब्रीदर पाइपचे २,८०० रुपये, आणि वायर व नळीचे १२० रुपये लिहिलेले होते. तपासणीचे पैसे वेगळे लावतात म्हणून काही ग्राहक तिथे नाराज होतात, असे मला बसल्या बसल्या ऐकू आले. मला ती रक्कम अतिशय योग्य वाटली. सामानाच्या किमतीत मेहनताना लपवला की सामान बदलण्यातच गॅरेजचा फायदा होतो. इथे शोधण्याचे पैसे मिळतात, म्हणून शोधले जाते.

उणिवाही सांगतो. तारीख लवकर मिळत नाही, कारण लिफ्ट एकच आहे आणि एका वेळी एकच गाडी हाती घेतात. दुपारी फोन उचलला जात नाही. बसायला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत आणि शेडमध्ये कूलर नाही. मे महिन्यात ज्येष्ठ माणसाने तिथे तीन तास थांबू नये, गाडी सोडून निघून यावे. पहिल्या भेटीत एकूण किती दिवस लागतील याचा अंदाज त्यांनी दिला असता तर माझी दोन बाहेरगावची कामे मला रद्द करावी लागली नसती, आणि हे मी त्यांना सांगितलेही. ज्यांना गाडी घरून न्यायला आणि धुऊन परत द्यायला माणूस हवा आहे, त्यांची इथे सोय होणार नाही.

दुरुस्तीनंतर गाडी तीन हजार किलोमीटर चालली आहे. त्यात भर पावसातली एक अमरावतीची फेरीही आली. दिवा लागलेला नाही. मायलेज पूर्वी शहरात सहावर आले होते ते पुन्हा आठावर गेले आहे. गिअरबॉक्सचे तेल बदलायचे आहे, त्यासाठी परवा भाऊंना फोन केला. बारा दिवसांनंतरची तारीख मिळाली, आणि मी ती घेतली.