गोव्यात पर्वरीतला 'प्लेडेट'च्या तयारीचा क्लास: जून ते जानेवारी वापरून

नर्सरीच्या प्रवेशाआधी शाळा मुलांना 'प्लेडेट'ला बोलावतात, त्याची तयारी करून घेणारा हा क्लास. आठवड्यातून दोनदा तासभर, महिन्याला 2500 रुपये. लेक तेव्हा जेमतेम पावणेतीनचा. म्हापशाहून न्यायचं, त्यात पावसातला हायवे, म्हणजे संध्याकाळ गेलीच.

पैसे वसूल झाले ते एकाच गोष्टीत: अनोळखी मुलं, आणि आई दाराबाहेर. आमच्याकडे पोर एकटंच, शेजारचे फ्लॅट कायम कुलूपबंद. सुरुवातीला तो दाराची कडी धरून रडायचा. क्लासच्या ताईंनी ओढून आत नेलं नाही. उंबऱ्याशीच पाण्याचा टब आणि प्लास्टिकच्या वाट्या मांडल्या, आणि दर वेळी तो टब वीतभर आत सरकवत गेल्या. गणेश चवथीच्या सुट्टीनंतर पुन्हा रडारड झाली, पण लवकर निभावली.

बाकी वर्कशीट, रंग, आकार, 'माय नेम इज'. नुसती घोकंपट्टी! एकदा दुसऱ्या मुलाने ट्रक मागितला, तर आमच्या चिरंजीवांनी 'शेअरिंग इज केअरिंग' असं खणखणीत म्हटलं आणि ट्रक दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरला.

शाळेत प्रत्यक्षात पाच-सहा मुलं, क्ले, ठोकळे आणि कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या एक बाई. आईशिवाय रमतो का, 'ठोकळे टोपलीत टाक आणि इथे ये' एवढं ऐकतो का, शू लागली की सांगतो का, हेच पाहिलं. रंग कुणी विचारले नाहीत. आम्हाला मात्र बरंच विचारलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी आहे, पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत दंड. पण हा कायदा 6 ते 14 वयाचा, त्यामुळे नर्सरीला सगळं 'खेळ' या नावाखाली चालतं.

घरात भावंडं असतील, वाड्यावर पोरं जमत असतील, तर हा क्लास नको. पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत मुलांचा विभाग आहे, कांपालला बालोद्यान आहे. तिथे न्या आणि जरा लांब बसा. एकटं मूल असेल तर तीन महिने पुरेत. शनिवारची बॅच मागा, त्यात मुलं जास्त असतात. वर्कशीटच्या फाईलचे 600 रुपये वेगळे लावतात, ती नको म्हणून पहिल्याच दिवशी सांगा.