सीक्वेलचा नायक कोण: तोच घुम्या अँटीहिरो की दुसरं कुणी?

गेमचा पहिला भाग चालला. त्यातला कमी बोलणारा, जुन्या पापाचं ओझं वाहणारा, कुणाला जवळ येऊ न देणारा नायक, म्हणजेच अँटीहिरो, लोकांनी डोक्यावर घेतला. आता दुसऱ्या भागाची आखणी सुरू झाली की टीममध्ये हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, त्यालाच ठेवा. दुसरा म्हणतो, त्याचं सांगून झालंय, नवं कुणी आणा. नुसत्या मारधाडीच्या गेममध्ये हा वाद लवकर मिटतो, कारण तिथे नायक कुढतो आणि आपण ते बघतो. आरपीजीत, म्हणजे नायकाची भूमिका आपणच वठवायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये, त्याच्या तोंडून आपल्यालाच बोलावं लागतं, त्याच्या वतीने निर्णय घ्यावे लागतात, तेही चाळीस-पन्नास तास.

माझा कौल आधीच सांगून टाकतो. पहिल्या भागाच्या शेवटी त्याची जखम भरलेली असेल तर दुसऱ्या भागात तो सोबती म्हणून शोभेल. जखम उघडी असेल तर नायक तोच, पण त्याच्याकडे रोज करायचं काहीतरी काम हवं.

तोच ठेवायचा तर

कामाचा मुद्दा किती मोठा आहे ते ‘द विचर 3’मध्ये (2015) दिसतं. त्याचा नायक गेराल्ट घुम्याच आहे, पण राक्षस मारणं हा त्याचा धंदा आहे. त्यामुळे अनोळखी गावात शिरून सूचनाफलक वाचायला, सरपंचाशी पैशांची घासाघीस करायला त्याला वेगळं कारण लागत नाही. घासाघीस तर खेळाच्या यंत्रणेतच आहे: फार ताणलं की समोरचा वैतागत जातो आणि ते पडद्यावरच्या पट्टीवर दिसतं. सुरुवातीच्याच भागात एक म्हातारी बंद झोपडीसमोर उभी असते. कुणीतरी तिचा तवा उसना नेलेला, तो तिला परत हवा असतो. गेराल्ट दार फोडतो, तवा आणून देतो. एवढा मोठा योद्धा तव्यासाठी राबतो याचं काही वाटत नाही, उलट त्याच्या कोरड्या बोलण्यामुळे मजा येते. हेच काम सूडाने पेटलेल्या, एकाच माणसाच्या मागावर असलेल्या नायकाला दिलं तर खेळणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होईल. आरपीजीचा निम्मा जीव साइड क्वेस्टमध्ये, म्हणजे मुख्य कथेबाहेरच्या छोट्या कामांत, असतो आणि अँटीहिरो सगळ्यात आधी तिथेच अडखळतो.

आणखी एक. तिसऱ्या भागात गेराल्ट स्वतःच्या दुःखाभोवती फिरत नाही. तो मुलीसारख्या वाढवलेल्या सिरीला शोधतोय. कुढणाऱ्या माणसाची नजर बाहेर वळवली की त्याच्याबरोबरचा प्रवास सुसह्य होतो.

त्याच्या गप्पपणाचंही काहीतरी करावं लागतं. ‘फायनल फँटसी 8’ने (1999) सोपा मार्ग काढला होता: त्याचा नायक स्क्वॉल तोंडाने दोन शब्द बोलतो, पण मनातली धुसफुस पडद्यावर अक्षरांत उमटते. सोबत्यांना तो शिष्ट वाटतो आणि आपल्याला तो घाबरलेला दिसतो. ‘डिस्को एलिसियम’मध्ये (2019) नायकाची 24 कौशल्यंच त्याच्या डोक्यात एकमेकांशी भांडतात. तो सीक्वेल नाही, पण खचलेला नायक बडबडा कसा करावा याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता फसण्याची जागा. ‘फायनल फँटसी 13’ची (2009) नायिका लाइटनिंग कठोर, तुटक, बहिणीसाठी जगाशी भांडणारी. शेवटापर्यंत ती निवळते. मग 2011च्या भागात मुख्य भूमिका बहीण सेरा आणि नोएल यांच्याकडे गेली आणि 2013मध्ये लाइटनिंग परतली, तर तिच्या भावनाच काढून घेतल्याचं कथेत दाखवावं लागलं. म्हणजे पहिल्या भागात कमावलेला बदल पुसून तिला पुन्हा थंड केलं. शिवाय त्या भागात लढाईत ती बहुतेक एकटीच असते. पार्टी, म्हणजे सोबत्यांची टोळी, गेली की आरपीजीतल्या गप्पा, कुरबुरी, रुसवेफुगवे सगळंच जातं. कुढेपणा परत आणण्यासाठी कथेला इतकी कसरत करावी लागत असेल, तर ती तिथेच थांबवलेली बरी.

दुसऱ्याला पुढे करायचं तर

इथे ‘याकुझा’ या गेम-मालिकेकडे बघा. काझुमा किर्यू हा वर्षानुवर्षांचा नायक: मितभाषी, सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घेणारा. 2020च्या ‘लाइक अ ड्रॅगन’मध्ये त्याच्या जागी आला इचिबान कासुगा, बडबड्या, भोळसट, मित्रांशिवाय न जगणारा. नायकाबरोबर खेळही बदलला. हाणामारीच्या जागी पाळीपाळीने चालणारी लढाई आली आणि त्याचं कारणही इचिबानच्या स्वभावात शोधलेलं: त्याला लहानपणापासून ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या राक्षसांशी लढायच्या आरपीजीचं वेड, म्हणून भांडणातले गुंड त्याला राक्षसांसारखे दिसतात. हे किर्यूच्या डोळ्यांतून कुणाला पटलं असतं?

त्याच्या पुढचा भाग, 2024चा ‘इन्फिनिट वेल्थ’, तर या सगळ्या वादावरचं उत्तरच वाटतो. किर्यू परततो, कॅन्सर झालेला, इचिबानचा सोबती म्हणून. पुढे त्याला स्वतःची वेगळी पार्टीही मिळते. लढाईत सगळे आपापल्या पाळीची वाट बघत असताना तो एका क्षणी पाळी झुगारून मोकळा फिरतो आणि जुन्या पद्धतीने ठोसे हाणतो. हा माणूस या जगाच्या नियमांत बसत नाही हे एका संवादाशिवाय कळतं. तो पूर्णवेळ नायक असता तर हीच गोष्ट रोजची होऊन बसली असती.

नवा नायक अनोळखीच हवा असंही नाही. सिरीला ‘विचर 3’मध्ये थोडा थोडा वेळ खेळायला दिलं होतं, आणि डिसेंबर 2024मध्ये चौथ्या भागाची नायिका म्हणून तिचीच घोषणा झाली. जुने चाहते तरीही कुरकुरतात. त्याला इलाज नाही.

मधली वाट

नायक खेळणाऱ्यानेच घडवायचा असेल तर तयार भूतकाळ असलेला अँटीहिरो जड जातो. तरी ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक 2’ने (2004) ते साधलं होतं. युद्धात भयंकर आज्ञा देऊन नंतर जेडायंमधून (‘स्टार वॉर्स’मधल्या योद्ध्यांच्या पंथातून) हाकलला गेलेला माणूस आपल्या हाती येतो. घडलेलं बदलता येत नाही, पण युद्धात का गेलो, पश्चात्ताप आहे की नाही, हे संवादांतून आपण ठरवतो. पाप लेखकाचं, कारण आपलं. कुढायचं की नाही हेही आपल्यावरच सोडलेलं. हाती लेखक भरपूर असतील तर हा पर्याय मला सगळ्यांत आवडतो. पण प्रत्येक उत्तराची पुढे कुठेतरी दखल घ्यावी लागते आणि तिथे कामाचा डोंगर उभा राहतो. त्या गेमचाही शेवट घाईत गुंडाळल्यासारखा वाटतो.

छोटी टीम असेल आणि पहिल्या भागात त्याचा हिशेब चुकता झाला असेल, तर त्याला पार्टीत घ्या. तिथे तो सात-आठ प्रसंगांत बोलला तरी पुरतं. नायक केलात तर प्रत्येक दुकानदाराशी त्यालाच बोलायचंय.