पॅकमध्ये यंत्र की झाकणाखाली कोड?
भाचा कोकम सरबत विकतो. बक्षीस पॅकमध्येच लपवावं की झाकणाखाली कोड छापावा, यात अडकलाय.

थरार यंत्राचाच. २००४ मध्ये अमेरिकेत कोका-कोलाच्या काही कॅनमध्ये फोन आणि जीपीएस होता. बटण दाबलं की थेट कंपनीला फोन लागायचा. पण लष्करी तळांवर त्या कॅनची धास्ती बसली. १९९० मध्ये कोका-कोलाच्याच ‘मॅजिकॅन’ या बक्षिसाच्या कॅनमधून स्प्रिंगने नोट वर उसळायची; वजन जुळावं म्हणून आत क्लोरीनचं घाण वासाचं पाणी. स्प्रिंग अडकली की ग्राहकासमोर तेच! काही आठवड्यांत योजना गुंडाळली.

कोडचा खर्च छपाईपुरता, पोटात काही जायची भीती नाही. शाई मात्र ओलाव्यात टिकणारी हवी.

मोठी कंपनी, मोजकी बक्षिसं, तपासणीला माणसं असतील तरच यंत्र. तुझ्यासारख्याला कोडच, बाळा.