ओआहाकातला गावकारभार: पक्षांचा की प्रथेचा?

मेक्सिकोच्या ओआहाका राज्यात 570 नगरपालिका आहेत. सान्ता माग्दालेना हिकोत्लान ही त्यांतलीच एक. 2020 च्या जनगणनेत तिथे अवघे 81 लोक होते.

राज्यातल्या दीडशेच्या आसपास नगरपालिकांत पक्ष निवडणूक लढवतात. अध्यक्ष, सिंदिको (नगरपालिकेचा कायदेशीर प्रतिनिधी) आणि रेहिदोर (नगरसेवक) यांचं एकत्र पॅनल उभं राहतं, मतदान गुप्त असतं. ही पद्धत आपल्याला ओळखीचीच.

उरलेल्या चारशेहून अधिक गावांत प्रथेचा कारभार चालतो. 1995 साली राज्याने त्याला कायद्यात जागा दिली. इथे ग्रामसभा नेमणूक करते. कुठे हात वर करून, कुठे फळ्यावर रेघ ओढून. तरुणपणी तोपिल म्हणून निरोप पोचवायचे, राखण करायची, मग पायरी पायरीने वर जायचं. बहुतेक पदांना पगार नसतो. शिवाय ‘तेकियो’ म्हणजे सक्तीचं श्रमदान असतंच. ज्याने गावासाठी घाम गाळलाय तोच अध्यक्ष होतो, हे मला मनापासून पटतं.

पण 2007 मध्ये सान्ता मारिया किएगोलानीत एउफ्रोसिना क्रूस अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या, तेव्हा केवळ बाई म्हणून त्यांची मतं रद्द झाली. हा अन्यायच होता. नंतर कायदे बदलले, महिला अध्यक्षही झाल्या.

लोकसंख्या घटली की मात्र प्रथेची व्यवस्था जास्त ताणली जाते. तरुण अमेरिकेत कामाला, पदं तेवढीच. त्यामुळे त्याच त्या माणसांवर पुन्हा पाळी येते, नाहीतर परदेशातल्याला नोकरी सोडून सेवेला परतावं लागतं.